दवाखाना आपला कसा झाला?



संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत इतिहासाच्या शिक्षकाने लेख लिहावयाचा म्हणजे विषय बहुधा ठरलेलेच असतात. मलिक अंबर, दौलताबादचा किल्ला किंवा बीबी का मकबरा. हे विषय मोठे आहेत, यात शंका नाही. परंतु यंदा मी एक साधा विषय निवडला आहे. त्यात राजे नाहीत आणि लढायाही नाहीत. सरकारी दवाखान्यात केस पेपर काढण्यासाठी आपण ज्या रांगेत उभे राहतो, त्या रांगेचा हा इतिहास आहे.

आपल्यापैकी असे घर विरळाच असेल, ज्यातील कोणी ना कोणी कधी घाटीच्या रांगेत उभे राहिलेले नाही. मोहल्ल्यातील महापालिकेच्या आरोग्य केंद्रात बाळाला टोचून आणणे हेही आपल्या अंगवळणी पडलेले आहे. रांगेत उभे असताना गर्दीचा राग येतो, उशिराचा राग येतो, आणि तो राग पुष्कळ वेळा रास्तही असतो. मात्र एक प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो. शहराचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने रस्ते, दिवे आणि पाणी यांच्याबरोबर गोरगरिबांच्या औषधपाण्याचीही जबाबदारी घ्यावी, हे कोणी आणि केव्हा ठरविले?

हे आपोआप झालेले नाही. ही गोष्ट आपल्या राज्यात प्रथम मुंबई शहरात घडली. ती घडताना साथ आली, दंगल झाली, कायदे बदलले. त्या कथेत आपल्या समाजाचा भागही आहे. तो विरोधाचा आहे, तसाच सहकार्याचाही आहे. म्हणून आधी मुंबईस जाऊ आणि मग आपल्या शहरात परत येऊ.

पूर्वीची व्यवस्था

जुन्या काळी आजारी माणसाने काय करावयाचे, हा त्याच्या घरच्यांचा प्रश्न होता. हकीम आणि वैद्य होते. दानशूर लोक दवा वाटत. शहर वसविणाऱ्याने आरोग्याची काळजी घेतलीच तर ती पाण्याच्या रूपाने घेतली. १६१० साली मलिक अंबरने खडकी वसविली आणि पुढे डोंगरातील पाणी नहरीने गावात आणले. स्वच्छ पाण्याने जेवढे आजार टळतात तेवढे औषधाने क्वचितच टळतात. त्या दृष्टीने नहर हीच आपल्या शहराची पहिली आरोग्यसेवा होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

इंग्रजी अमलात मुंबईत मोठी रुग्णालये निघाली. १८४५ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून जे. जे. रुग्णालय आणि त्याच्या जोडीला ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. १८८६ साली स्त्रियांसाठी कामा रुग्णालय निघाले. परंतु ही रुग्णालये दात्यांच्या देणगीने उभी राहिली आणि सरकारने चालविली. मुंबईच्या म्युनिसिपालिटीकडे मुख्यत्वे सफाई, पाणी आणि देवीची लस अशी कामे होती. १८९२ साली आर्थर रोडवर साथीच्या रोगांसाठी एक रुग्णालय झाले होते, पण तेही रोग्याला बरे करण्यापेक्षा त्याला इतरांपासून दूर ठेवण्यासाठी, असाच लोकांचा समज होता. थोडक्यात, शहर स्वच्छ ठेवणे हे पालिकेचे काम आणि माणूस बरा करणे हे दुसऱ्या कोणाचे तरी काम, अशी वाटणी होती.

१८९६ चा प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात लोक विचित्र तापाने मरू लागले. काखेत किंवा जांघेत गाठ यावी, ताप चढावा आणि थोड्याच दिवसांत माणूस जावा, असे होऊ लागले. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग आहे हे ओळखले. ते खाजगी व्यवसाय करणारे डॉक्टर होते आणि पालिकेचे सभासदही होते. प्रथम पुष्कळांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. थोड्याच आठवड्यांत मात्र शंकेला जागा उरली नाही.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता. परंतु तो उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे माणसापर्यंत पोहोचतो, हे कराचीत काम करणाऱ्या पॉल-लुई सिमाँ या शास्त्रज्ञाने १८९८ साली दाखविले. म्हणजे १८९६ साली पालिकेचे अधिकारी शत्रू दिसत नसताना लढत होते. त्यांनी गटारे धुतली, घरांना चुना फासला, भिंती फोडून उजेड आत घेतला, सामान जाळले. उंदीर मात्र एका चाळीतून दुसऱ्या चाळीत पळत राहिले.

६ ऑक्टोबर १८९६ रोजी पालिका आयुक्त स्नो यांनी हुकूम काढला. प्लेगचा रोगी, किंवा तसा संशय असलेला माणूस, संमती असो वा नसो, रुग्णालयात हलविण्याचा अधिकार त्या हुकमाने मिळाला. लोक घाबरले. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, असे जो तो म्हणू लागला. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे एक हजार गिरणीकामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. लोकांचे प्राण वाचविण्यासाठी असलेल्या जागेवर लोकच चालून गेले! दुसऱ्याच दिवशी हुकूम सौम्य करण्यात आला. लाखो माणसे शहर सोडून गावाकडे निघाली, आणि त्यांच्याबरोबर रोगही निघाला.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. मुंबईत जनरल गेटेकर यांच्या हाताखाली प्लेग कमिटी नेमण्यात आली आणि पालिकेचे पुष्कळसे अधिकार तिच्याकडे गेले. सोजीर आणि पोलीस यांना बरोबर घेऊन घरोघर झडत्या सुरू झाल्या. पुण्यात याच कारणाने रँडसाहेबाचा खून झाला, हे आपण शाळेत शिकतोच.

मदनपुऱ्यातील मुलगी

आता ज्या प्रसंगाकडे मला तुमचे लक्ष वेधावयाचे आहे, त्याकडे येतो.

मुंबईच्या मदनपुरा भागात उत्तर हिंदुस्थानातून आलेले मुसलमान विणकर राहत. त्यांना जुलाहा म्हणत. ९ मार्च १८९८ रोजी झडतीपथक तेथील एका घरी आले. घरात सुमारे बारा वर्षांची एक मुलगी तापाने आजारी होती. तिला तपासून रुग्णालयात हलवावयाचे होते. घरच्यांनी नकार दिला. परका पुरुष मुलीच्या अंगाला हात लावणार आणि तिला एकटीला कोठेतरी घेऊन जाणार, ही कल्पनाच त्यांना सहन होण्यासारखी नव्हती. गर्दी जमली, दगड आले. पुढे दंगल शहरभर पसरली, गोळीबार झाला आणि दोन्ही बाजूंची माणसे प्राणास मुकली.

वाचकहो, या घटनेकडे पाहण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. एक म्हणते की अडाणी लोकांनी विज्ञानाला विरोध केला. दुसरी म्हणते की जुलमी सरकारला लोकांनी धडा शिकविला. मला दोन्ही अपुऱ्या वाटतात. पथकाला रोगी हलवावयाचा होता, आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणे तो हेतू चुकीचा नव्हता. घरच्यांना मुलगी प्यारी होती, हेही चुकीचे नव्हते. मग उणीव कशाची होती? त्या दारात उभे राहून त्या मुलीच्या आईशी तिच्या भाषेत बोलेल अशी एकही स्त्री नव्हती. आत जाऊन मुलीच्या कपाळाला हात लावील अशी डॉक्टरीण नव्हती, परिचारिकाही नव्हती. दाराबाहेर सत्ता होती आणि दाराआड भीती होती. या दोघींच्या मधे कोणीच नव्हते.

धोरण बदलले

दंगलीनंतर राज्यकर्त्यांना काही गोष्टी उमगल्या. बळजबरी हळूहळू कमी करण्यात आली. वेगवेगळ्या समाजांनी आपापली प्लेग रुग्णालये काढली होती, त्यांना उत्तेजन मिळाले. पारशी, हिंदू, जैन, खोजा, मुसलमान अशा निरनिराळ्या समाजांची रुग्णालये मुंबईत चालू लागली. आपले लोक सेवा करतात, आपले जेवण मिळते, जवळचे माणूस भेटू शकते, असे दिसल्यावर रोगी लपविण्याचे प्रमाण कमी होऊ लागले. रोग तोच होता. औषधही फारसे नवे नव्हते. बदलला होता तो फक्त विश्वास.

लसीचेही असेच झाले. वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. तरी लोक भीत होते. तेव्हा खोजा इस्माइली समाजाचे तरुण प्रमुख आगाखान तिसरे पुढे आले. त्यांचे वय त्या वेळी वीसच्या आसपास होते. त्यांनी हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपली जागा दिली आणि आपल्या लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली. हजार भाषणांनी जे झाले नसते ते एका टोचलेल्या दंडाने झाले. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था होय.

१९०७ ची अदलाबदल

साथीने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. शहराचे आरोग्य गटारे धुऊन भागत नाही. दवाखाने, डॉक्टर आणि परिचारिका वर्षभर हव्यात, केवळ साथ आल्यावर नव्हे. पण त्यासाठी पैसा कोठून आणावयाचा?

त्या काळी मुंबई शहराच्या पोलिसांचा मोठा खर्च पालिकेच्या बोकांडी होता. पोलीस सरकारच्या हुकमतीत आणि खर्च मात्र पालिकेचा! पालिकेचे सभासद याविरुद्ध वर्षानुवर्षे भांडत होते. अखेर १९०७ साली कायदा झाला. पोलिसांचा खर्च सरकारने घेतला, आणि त्याच्या बदल्यात प्राथमिक शिक्षण, वैद्यकीय मदत व लसीकरण यांची जबाबदारी पालिकेने घेतली.

मला शिक्षक म्हणून हा कायदा फार आवडतो. एका शहराने जणू सांगितले की, दंडुक्याचा खर्च तुम्ही करा, पाटी आणि औषध आम्ही पाहतो. शाळा आणि दवाखाना एकाच कायद्याने, एकाच दिवशी पालिकेच्या पदरात आले. म्हणून पालिकेची शाळा आणि पालिकेचा दवाखाना यांना मी सख्खी भावंडे मानतो. एकाची हेळसांड होते तेथे बहुधा दुसऱ्याचीही होते.

केईएम आणि एक अट

जबाबदारी कागदावर आली तरी मोठे रुग्णालय उभे राहण्यास आणखी वर्षे गेली. १९१० साली बादशहा सातवा एडवर्ड मरण पावला. त्याच्या स्मारकासाठी जमलेल्या पैशातून रुग्णालय बांधावे असे ठरले. जागा निवडली ती परळची, म्हणजे गिरणीकामगारांच्या वस्तीतील. रुग्णालयाच्या जोडीला वैद्यकीय महाविद्यालय हवे होते. त्यासाठी शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी मोठी देणगी देऊ केली. परंतु त्यांनी एक अट घातली. महाविद्यालयातील सर्व अध्यापक पात्र हिंदी गृहस्थच असले पाहिजेत, आणि ते सरकारी नोकरीतील नसावेत.

आज ही अट वाचून कोणी म्हणेल, यात विशेष ते काय? पण त्या काळी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे असत, आणि त्यांत बहुतेक गोरे असत. हिंदी डॉक्टर कितीही हुशार असला तरी त्याने हाताखालीच राहावयाचे, अशी रीत होती. या अटीने ती मोडली. १९२६ साली केईएम रुग्णालय आणि शेठ जी. एस. मेडिकल कॉलेज यांचे रीतसर उद्घाटन झाले. डॉ. जीवराज मेहता हे तेथील पहिले अधिष्ठाता. हेच पुढे १९६० साली गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले.

मग वाट मोकळी झाली. असहकाराच्या दिवसांत, १९२१ साली, राष्ट्रीय बाण्याच्या डॉक्टरांनी नॅशनल मेडिकल कॉलेज काढले होते. त्याला डॉ. ए. एल. नायर यांनी आपल्या आईच्या नावाने रुग्णालय बांधून दिले. १९४६ साली ही संस्था पालिकेकडे आली. तेच आजचे नायर रुग्णालय. १९४७ साली शीव येथे पन्नास खाटांनी आणखी एक पालिका रुग्णालय सुरू झाले. ते आज लोकमान्य टिळक रुग्णालय किंवा सायन हॉस्पिटल म्हणून देशभर प्रसिद्ध आहे. देश स्वतंत्र होत असताना मुंबईची पालिका तीन मोठी रुग्णालये चालवीत होती. पन्नास वर्षांपूर्वी ज्या शहरात लोक रुग्णालयावर चालून गेले होते, त्याच शहरात लोक पहाटेपासून रुग्णालयाच्या दारात रांग लावू लागले होते.

हा बदल केवळ इमारतींमुळे झाला नाही. दारात आपल्यापैकी कोणीतरी उभे आहे, असे लोकांना दिसले म्हणून तो झाला.

आपले शहर

आता घरी येऊ. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तेथे सरकारी युनानी दवाखाने होते आणि डॉक्टरी दवाखानेही होते. परंतु मोठ्या उपचारासाठी हैदराबाद किंवा मुंबई गाठावी लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हा प्रदेश निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. १९५६ साली आपल्या शहरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याचे रुग्णालय म्हणजेच आपली घाटी. मराठवाडा तर येतोच, शिवाय बुलढाणा आणि जळगावकडील रोगीही तेथे येतात. आमच्या घरातील वडीलधारी माणसे 'दवाखाना' एवढेच म्हणाली तरी त्याचा अर्थ घाटी असाच होत असे.

घाटी मात्र राज्य सरकारची आहे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. शहराच्या स्वतःच्या संस्थेची गोष्ट निराळी. ८ डिसेंबर १९८२ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि आजूबाजूची खेडी शहरात आली. वस्ती भराभर वाढत गेली. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या ११ लाख ७५ हजारांवर गेलेली होती.

२०१३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान सुरू केले. शहरातील गरीब वस्त्यांत दर ५०,००० लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असे त्यात ठरले. केंद्रात डॉक्टर, परिचारिका, औषधे देणारा आणि तपासण्या करणारा असावा, आणि वस्तीतीलच स्त्रिया 'आशा' म्हणून घरोघर जाव्यात, अशी योजना आहे. विद्यार्थ्यांनी हा हिशेब वहीत करून पाहावा. ११ लाख ७५ हजारांना ५० हजारांनी भागले की तेवीस-चोवीस केंद्रे येतात, आणि हा आकडा २०११ चा आहे. त्यानंतर शहर आणखी वाढले. आपल्या वॉर्डात केंद्र कोठे आहे, त्यात कोण कोण असावयास हवे आणि प्रत्यक्षात कोण आहे, हे पाहणे हा नागरिकशास्त्राचा उत्तम गृहपाठ होईल.

मार्च २०२० मध्ये कोरोना आला. साथीच्या काळात शहराच्या संस्थेची मोठी परीक्षा झाली. चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील मेल्ट्रॉनच्या इमारतीत कोविड रुग्णालय उभारून महापालिकेने ते चालविले. शाळांच्या आणि मंगल कार्यालयांच्या इमारती कामी आल्या. आम्हा शिक्षकांनाही कामाला लावण्यात आले.

एका दारातला अनुभव

सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली. घरोघर जाऊन ताप आणि प्राणवायू मोजावयाचा होता. जुन्या शहरातील एका गल्लीत मी गेलो. माझ्याकडे ओळखपत्र होते, यादी होती आणि बोटाला लावायचे यंत्र होते. एका घराचे दार मी तीनदा वाजविले. आतून म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला की घरात कोणी आजारी नाही, तुम्ही जा. खोकला मात्र बाहेर ऐकू येत होता. मी माझे नाव सांगितले, शाळेचे नाव सांगितले. मी त्याच समाजाचा. तरी दार उघडले नाही.

माझ्याबरोबर त्याच गल्लीत राहणारी एक आशाताई होती. ती पुढे झाली. "खाला, मैं हूँ. सिर्फ उंगली दिखाना है, कहीं लेको नई जाते," एवढेच ती म्हणाली. दार उघडले. ती एकटीच आत गेली. मी बाहेर उभा राहिलो. प्राणवायू कमी होता. त्या दिवशी दुपारीच त्यांना दवाखान्यात हलविले, आणि काही दिवसांनी त्या घरी परत आल्या.

त्या दाराबाहेर उभे असताना मला मदनपुऱ्यातील ती मुलगी आठवली. एकशे बावीस वर्षांनंतरही दाराबाहेर यादी होती आणि दाराआड भीती होती. फरक एवढाच होता की या वेळी मधे कोणीतरी होते. ती फार शिकलेली नव्हती, पण त्या गल्लीची होती.

माझी एक चूक

हे लिहितो आहे तर माझी एक चूकही कबूल केली पाहिजे. त्याआधी काही वर्षे बारावी झालेली एक विद्यार्थिनी माझ्याकडे सल्ल्यासाठी आली होती. तिला नर्सिंगला जावयाचे होते. वडिलांचे मन होत नव्हते. रात्रपाळी असते, परक्या पुरुषांची सेवा करावी लागते, पुढे स्थळ येणार नाही, अशी त्यांची कारणे होती. त्यांनी मला विचारले, "सर, तुम्हीच सांगा." मी म्हणालो, "डी.एड. करू द्या, शिक्षिकेची नोकरी बरी." वडिलांना बरे वाटले. मुलगी काही बोलली नाही. तिने डी.एड. केले. ती आज घरी बसून शिकवण्या घेते.

त्या दिवशी त्या गल्लीत मला कळले की मी काय घालविले होते. मुंबईच्या विश्वस्तांनी देणगी देताना जी अट घातली, तिचे मर्म हेच होते. दवाखाना आपला व्हावयाचा असेल तर त्यात आपली माणसे काम करीत असली पाहिजेत. आपल्या मुलीसाठी स्त्री डॉक्टर हवी, आपल्या पत्नीजवळ परिचारिका हवी, असे आपण म्हणतो. आणि आपली मुलगी मात्र परिचारिका होऊ नये, असेही आपणच म्हणतो. मग या परिचारिका यावयाच्या कोठून? दुसऱ्यांच्या मुलींनी रात्रपाळी करावी आणि आपल्या मुलींची त्यांनी सेवा करावी, हा न्याय नव्हे.

आपण काय करावे?

पालकहो, इतिहास वाचून सोडून द्यावयाचा नसतो. म्हणून शेवटी चार गोष्टी नम्रपणे सुचवितो.

पहिली गोष्ट लसीची. १९९५ मध्ये देशात पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. तेव्हा आपल्यापैकी कित्येक घरांनी अफवांमुळे दारे लावली. समाजातील जाणत्या लोकांनी समजावल्यावर ती उघडली. २०११ च्या जानेवारीनंतर देशात या रोगाचा एकही नैसर्गिक रुग्ण सापडला नाही आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. परंतु २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, तसेच भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराची साथ आली आणि मुले दगावली. त्या वस्त्यांत आपलेच लोक अधिक आहेत, आणि ज्यांचे डोस राहून गेले होते अशी मुले तेथे पुष्कळ होती. आपल्या बाळाचे लसीकरणाचे कार्ड आज रात्री काढून पाहा. एखादा डोस राहिला असेल तर या आठवड्यात देऊन या.

दुसरी गोष्ट दवाखान्याची. तो खैरात नाही. आपल्या घरपट्टीतून आणि करांतून तो चालतो. तेथे औषध नसेल तर घरी येऊन शिव्या देण्याऐवजी चार शेजाऱ्यांनी मिळून लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि नगरसेवकाला त्याची प्रत द्यावी. मुंबईच्या सभासदांनी पोलिसखर्चासाठी वर्षानुवर्षे असेच अर्ज केले, तेव्हा कुठे १९०७ उजाडले. आणि अर्ज करताना घरपट्टी भरलेली असावी, हेही ओघाने आले.

तिसरी गोष्ट दवाखान्यातील माणसांची. तेथील डॉक्टर आणि परिचारिका यांच्यावर हात उगारणे हे १८९६ च्या हल्ल्याचीच पुनरावृत्ती आहे. त्या वेळच्या लोकांजवळ निदान अज्ञानाची सबब होती. आपल्याजवळ ती नाही.

चौथी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी, विशेषतः मुलींसाठी. आरोग्यसेवा म्हणजे केवळ एम.बी.बी.एस. नव्हे. बारावीनंतर एएनएम दोन वर्षांचा आणि जीएनएम तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तर बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे आहे. औषधनिर्माणशास्त्राची पदविका दोन वर्षांची आहे. प्रयोगशाळा तंत्रज्ञाचे शिक्षण आहे. नीट परीक्षेतून बी.यू.एम.एस.ला, म्हणजे आपल्या हकिमांच्या परंपरेकडेही जाता येते. यांपैकी कोणत्याही वाटेने गेलात तरी एखाद्या आजारी माणसाच्या दारात तुम्ही उभे राहाल, आणि ते दार उघडेल.

त्या विद्यार्थिनीच्या धाकट्या बहिणीची यंदा बारावी झाली. तिलाही नर्सिंगला जावयाचे आहे. तिचे वडील पुन्हा माझ्याकडे आले होते. या वेळी मी त्यांना मदनपुऱ्याची गोष्ट सांगितली, आणि गल्लीतील त्या दाराचीही सांगितली. ते पुष्कळ वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारले, "सर, फॉर्म कधी निघतात?"